पाणंदीतली सरी

गेल्या दिवाळीनंतर माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं. पण चढ नको, घाई नको आणि एकट्यानं नको. कोल्हापूरच्या शाहूपुरीत यातलं एकही जमण्यासारखं नव्हतं. घराबाहेर पाऊल टाकलं की दुचाकी अंगावर येते, फूटपाथवर दुकानदारांचा माल मांडलेला असतो आणि सोबतीला येणारा माणूस पहिल्या चौकातच चहाला थांबतो. म्हणून मी चार महिन्यांसाठी गावी, थोरल्या भावाकडे गेलो. आमचं गाव पंचगंगेच्या काठावर आहे. रान सगळं सपाट, डोळे मिटून चालावं असं. वर्गात पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला शेवटी स्वतःच्याच गावात चालायला शिकायचं होतं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सत्तरी ओलांडलीय, पण चालायला लागला की मला धाप लागते. पहिल्याच दिवशी मागं वळून म्हणाला, "शाळंत बसून बसून तुला खुर्चीचं पाय आल्यात." मला उत्तर द्यायला दमच उरला नव्हता. सकाळी डेअरीला दूध घालून झालं की तो पायात चपला सरकवायचा आणि आम्ही निघायचो. गाव संपलं की पाणंद लागते. पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या रानांमधून गेलेली बैलगाडीची वाट. आमची पाणंद गावापासून सरळ नदीपर्यंत जाते. निम्म्यावर आमची विहीर आहे आणि तिथूनच आमचं रान सुरू होतं.

दादा विहिरीपाशी वळायचा. रोज. कठड्याला हात लावायचा आणि म्हणायचा, "चल माघारी, च्या निवला असंल." वहिनीनं अजून आधणही ठेवलेलं नसायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. विहिरीपासून नदी पंधरा मिनिटांची. चढ नाही, उतार नाही. मला नदीपर्यंत जायचं होतं. लहानपणी वडलांबरोबर याच वाटेनं नदी गाठायची, बंधाऱ्यावरून पलीकडे व्हायचं आणि पौर्णिमेला नृसिंहवाडीला चालत जायचं, असा आमचा रिवाज होता. पण नदीचं नाव काढलं की दादा घाईघाईनं गावाकडे तोंड करायचा. अकरा दिवस असे गेले. पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

बाराव्या दिवशी दादा पाहुण्यांच्या एका साखरपुड्याला पेठ वडगावला गेला. डॉक्टरांचा शब्द मोडून मी एकटाच निघालो आणि विहीर ओलांडली.

पुढं पाणंद राहिलीच नव्हती. माझ्या आठवणीतली पाणंद चांगली ऐसपैस होती. समोरासमोर दोन गाड्या आल्या तरी कुणाचं चाक कुणाला लागत नसे. दोन्ही कडेला गवत आणि तरवडाची पिवळी फुलं असायची. आता डाव्या हाताला आमचा ऊस, उजव्या हाताला पलीकडच्या बांधकऱ्याचा ऊस, आणि मध्ये माणसाला कसंबसं जाता येईल एवढी फट. ऊस तुऱ्यावर आलेला. दोन्हीकडची पानं मध्ये येऊन एकमेकांत अडकलेली. मी आधी हातानं बाजूला सारत चाललो, मग खांदा पुढं काढून आडवा चालू लागलो. पानानं कानाची पाळी कापली. पायाखाली मात्र वाट तीच होती, जुन्या गाडीच्या चाकोरीतली घट्ट माती. वर्गात मी मुलांना नकाशातल्या कच्च्या रस्त्याची खूण किती वेळा काढायला लावली असेल. आमच्या स्वतःच्या वाटेला मात्र आता नुसती रेघसुद्धा पुरली असती.

ही वाट कोणी खाल्ली हे कुणाला विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे शेतकऱ्याला बांध कोरायची खोड असते. दर वर्षी नांगरट करताना औताचा फाळ जरासा बाहेर घ्यायचा, वीतभर, हातभर. शेजारी भांडका असेल तर त्याच्या बाजूला हात आखडता घ्यायचा. पाणंदीला मात्र भांडायला तोंड नसतं. म्हणून सगळे पाणंदीकडे सरकतात. असं हातभर हातभर करत एके वर्षी तिथं उसाची एक अख्खी सरी, एक सबंध ओळ, बसते, आणि एकदा सरीत ऊस उभा राहिला की ती जमीन जणू आजोबांपासून आपलीच होती.

पंधरा मिनिटांच्या वाटेला मला अर्धा तास लागला. ऊस संपला आणि एकदम उघड्यावर आलो. समोर नदी, तिच्यावर धुकं, आणि काठावर चाचांची वस्ती.

चाचा पूर्वी गावातल्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. वडील बैल घेऊन जायचे तेव्हा आम्ही दोघं भाऊ मागं मागं असायचो. चाचा दोराचा फास टाकून बैलाला अलगद आडवा पाडायचे आणि त्यांची बायको, म्हणजे चाची, बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. शिंगाला धरून ती त्याच्या कानात काहीतरी बोलत राहायची. काय बोलते हे कधी कळलं नाही, पण आमचा मारका खोंडही तिच्यापुढं गप्प पडून राहायचा. पुढं गावात ट्रॅक्टर आले, बैल गेले. चाचांनी म्हशी घेतल्या आणि वस्ती सोडली नाही.

चाची दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. वहिनीनं फोनवर सांगितलं होतं. मी अरेरे म्हटलं होतं, वय किती होतं म्हणून विचारलं होतं आणि पुन्हा पेपर उघडला होता. कोल्हापूर ते गाव तासाभराचीही वाट नाही. तरीही गेलो नाही.

चाचा दारात बाजेवर बसले होते. नजर अधू झालेली. "कोण पावणं?" त्यांनी विचारलं.

"मी हाय चाचा. धाकटा."

"मास्तर व्हय? ये. गावली म्हणायची वाट."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी कान धुतला, पाणी प्यालो. चाचीचा विषय कसा काढावा कळेना. शेवटी म्हटलं, "चाची गेल्याचं कळलं हुतं. मला येणं झालं न्हाय."

"तू लांबचा," ते म्हणाले. मग आपणहून सांगू लागले. आवाज चढला नाही की उतरला नाही. "श्रावणातली गोष्ट. पहाटंपासनं तिला दम लागलेला. पोरानं फोन करून गाडी बोलावली. गाडी आली विहिरीपातूर. फुडं कशी येणार? मंग चौघांनी बाज उचलली, दोघं फुडं, दोघं मागं. पर दोघांस्नी शेजारी शेजारी चालाय जागाच न्हाय. बाज उसात अडकाय लागली. पाऊस तर असा की डोळं उघडंना. मंग पोरानं तिला पाठीवर घेतली. ती त्येला म्हणत हुती म्हणं, सावकाश चल, तुला पान लागंल. विहिरीपाशी गाडीत ठेवली तवा बोलायची थांबलेली."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

"आदी म्हणला, जरा लवकर आणायचं. पोराचं तोंड बघितलं आन म्हणला, लवकर आणली असती तरी सांगता येत न्हाय."

दादाचं नाव त्यांनी घेतलं नाही. आमच्या उसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी उठलो तेव्हा म्हणाले, "दादाला सांग, म्हस याली. रेडी झाली." बस, एवढंच. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला त्या वाटेनं परत चालणं सोपं गेलं असतं.

परत येताना मी आमच्या बाजूची पानं हातानं बाजूला सारली नाहीत. लागू दिली. आणि चालता चालता मला एक दिवाळीची सुट्टी आठवली. मी तेव्हा कॉलेजात होतो. वडील तापानं पडले होते आणि दादा सासरवाडीला गेला होता, म्हणून औत मी धरलं. पाणंदीच्या कडेचा शेवटचा फेर आला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून फाळ हातभर बाहेर घेतला. संध्याकाळी वडलांना तसं सांगितलं तर ते अंथरुणातच उठून बसले, हसले आणि आईला म्हणाले, "त्येला आज दूध वाढ." शेतीतल्या कामासाठी मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. ती मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. दादाकडे बोट दाखवून मला काखा वर करता येणार नव्हत्या.

घरी आलो आणि वहिनीला विचारलं, चाची गेली तेव्हा आपल्या घरून कोण गेलं होतं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी जाऊन आले त्या दिवशीच. ह्ये मातीला गेलं न्हाईत. त्या दिवसापासनं पाणंदीत विहिरीच्या फुडं पाऊल टाकत न्हाईत. इचारलं तर जेवत न्हाईत." आमच्या गावात माणूस भांडतो, कोर्टात जातो, पिढ्यानपिढ्या अबोला धरतो, पण कुणाच्या मातीला, शेवटचा निरोप द्यायला, जायचं चुकवत नाही. दादा तर अर्ध्या जिल्ह्यातल्या मातींना हजर असतो. तो चाचीच्या मातीला गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी त्यानं कठड्याला हात लावला आणि चहाचं काढलं. मी म्हटलं, "दादा, मी काल चाचांकडं जाऊन आलो."

तो कठड्यावर बसला. मान खाली घालून विहिरीत बघू लागला. मला राग आला होता, पण त्याच्या मानेकडे बघून तो टिकला नाही. मग तो बोलला.

"मी हितंच हुतो त्या सकाळी. मोटर बंद कराय आलतो, पाणी वाढाय लागलं हुतं म्हणून. गाडी उभी बघितली. म्हणलं, कुणाची गाडी? तवर पोरगा उसातनं भाईर आला. आपल्या उसातनं. पाठीवर ती. तोंड कापलेलं, रगात पावसात वाहत हुतं. गाडीचं दार मीच उघडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. कायच बोलला न्हाय. बोलला असता तर गेलो असतो मी मातीला. आता कुटल्या तोंडानं जाऊ?"

मी त्याला माझ्या कॉलेजच्या दिवाळीतल्या फेराचं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं हातभर. माझं चाळीस वर्साचं." मग उठला. "ऊस तुटू दे एकदा. मंग बघू." आणि गावाकडे चालू लागला.

पौषात टोळी आली. तोडकऱ्यांनी दोन दिवसांत आमचं रान मोकळं केलं आणि विहिरीपासून नदी दिसू लागली. मी खोडक्यांमधून फिरत होतो तेव्हा तो दगड दिसला. हद्दीचा दगड, गुडघ्याएवढा. वडलांनी एकदा मला खांद्यावर बसवून दाखवला होता, तेव्हा तो बांधावर होता. आता तो रानाच्या आत होता आणि त्याच्या पलीकडे पाणंदीच्या बाजूला उसाची सबंध एक सरी.

दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "दगुड कवा हलवला न्हाय मी. लोकं रातोरात उपटत्यात."

माझा तोल सुटला. म्हटलं, "दगड राखलास आन वाट खाल्लीस. कुणी सत्कार करायचा का तुझा?"

डॉक्टरांनी मला रागावायला बंदी केली होती. घरी येऊन गोळी घेतली आणि पडून राहिलो. इतकं बोलायला नको होतं, असं वाटलं. आणि याहून आधी कुणीतरी बोलायला हवं होतं, असंही वाटलं. कुणीतरी म्हणजे मीच.

आठवडा गेला. ट्रॅक्टरवाला मोकळा नाही. पाचट अजून ओलं आहे. अमावस्या आहे. दादाकडे रोज एक नवं कारण असायचं. उसाची खोडकी जमिनीत राहिली की तिला पुन्हा फुटवे येतात. पंधरा दिवस गेले असते तर ती सरी हिरवी झाली असती, आणि हिरव्या सरीवर नांगर घालायला दादाचा हात उठला नसता. हे मला कळत होतं आणि त्यालाही. मी माझी बॅग भरायला घेतली. वहिनीनं ती उघडून पुन्हा रिकामी केली. "तुमी गेला तर ह्ये विहिरीपातूरबी जाणार न्हाईत," ती म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीपाशी पोचलो. दादानं कठड्याला हात लावला नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि पुढं चालू लागला. मी मागं. डाव्या हाताला रान उघडं पडलं होतं, तरी तो उजवीकडच्या उसाला खेटून, जुन्या चाकोरीतूनच चालला. चपला हातात का घेतल्या हे मी विचारलं नाही. मातीला जाताना आमच्याकडे बरेच जण अनवाणी जातात.

चाचा गोठ्यात होते. दादा अंगणात उभा राहिला. "चाचा," म्हणाला, आणि त्यानं हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग म्हणाला, "चुकलं माझं." माझ्या त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

चाचा भिंतीला धरत धरत बाहेर आले. दादाजवळ गेले नाहीत. गोठ्याच्या कोपऱ्याशी थांबले आणि पायानं जमीन चाचपली. "हितं बघ," ते म्हणाले. जमिनीत दोन बुजवलेले खड्डे होते. "गोठा वाढवला तवा दोन मेढी पाणंदीत रोवल्या हुत्या मी. ती नको म्हणत हुती. म्हणलं, सगळीच सरकत्यात, मलाच काय झालंय? तिचा चाळिसावा झाला आन दोन्ही उपटल्या." त्यांनी मान वर केली. "मी माझं काढलंय. तुझं कवा काढतूस, सांग."

"उद्या काढतो," दादा म्हणाला.

"उद्या कशाला? ट्रॅक्टर आत्ताच नदीकडनं गेला. हाक मार की."

दादानं हाक मारली. तासाभरात नांगर दगडापाशी उभा राहिला. दादा स्वतः पुढं चालत होता आणि ड्रायव्हरला हातानं दिशा दाखवत होता. ड्रायव्हरनं दोनदा खाली वाकून विचारलं, "मालक, नक्की का? चांगली खोडकी हाय." दादानं मान डोलावली. खोडकी उलटून वर आली, पांढरी मुळं उन्हात पडली, बगळे मागं लागले. संध्याकाळपर्यंत माती सपाट झाली. मी पावलांनी मोजलं. बाज उचलून चार माणसं आता नीट चालू शकली असती. पलीकडच्या बांधकऱ्याला दादानं फोन केला. तो बघू म्हणाला. त्याचं ते बघू अजून चालू आहे.

मला वाटलं, झालं. मास्तर माणूस, उत्तर बरोबर आलं की खाली दोन रेघा मारायची सवय.

रविवारी चाचांचा मुलगा आला. तो कोल्हापुरात नोकरी करतो, आठवड्याला वडलांकडे येतो. दादा आणि मी दगडापाशी उभे होतो. त्याची मोटरसायकल गावाकडून आली आणि विहिरीपाशी थांबली, दर वेळी जिथं थांबायची तिथंच. त्यानं गाडी स्टँडवर लावली, पिशवी काढली.

दादा चार पावलं पुढं गेला. "आता गाडी जातीया आत," म्हणाला. "दारापातूर जातीया."

मुलानं नांगरलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. दादाकडे पाहिलं नाही. पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागला. मोकळी वाट डाव्या हाताला पडली होती. तिच्यावर त्यानं पाऊल ठेवलं नाही. उजवीकडच्या उसाला घासून, त्या जुन्या चाकोरीतून गेला, एक खांदा पुढं काढून, किंचित वाकून, पाठीवर ओझं असलेला माणूस चालतो तसा. पानं त्याच्या तोंडाला लागत होती. त्यानं ती बाजूला केली नाहीत.

तो वस्तीत शिरेपर्यंत दादा बघत उभा होता. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण हात उचलला नाही.

मग दादा म्हणाला, "मातीला जायाला पायजे हुतं रं आपुन दोघांनीबी."